लाल काठाचं ठिगळ

हे मी पहिल्यांदा तुमच्यापाशीच बोलतो आहे. तसा बोलायला मी कमी नाही. सीताबर्डीवर कुणालाही विचारा, मनोहर रेडिओवाला एकदा सुरू झाला की गिऱ्हाइकाचा चहा गार होतो. पण ही गोष्ट ओठांवर आली की जीभ टाळूला चिकटते. मोठ्या बहिणीला सांगितली नाही. देवळात हात जोडून उभा राहिलो तरी मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथंही दुसरंच काहीतरी मागून परत यायचो. का? भीती होती का? छे, मला कोण काय करणार होतं! पोलिसांनी पकडून न्यावं असा गुन्हाही नाही तो. एका स्पीकरची गोष्ट आहे. आठ इंचाचा, जुना, फाटका स्पीकर.

सरळ सांगायला गेलो तर मीच मधून पळून जाईन. म्हणून जरा फिरून फिरून सांगतो, तेवढं सांभाळून घ्या.

वसंता माझा दोस्त. दोस्त म्हणजे — आहे, अजून आहे. सक्करदऱ्याकडच्या विणकरांच्या वस्तीत त्याचं घर. घरात एक हातमाग, एक माय आणि हा. बाप लहानपणीच गेलेला. दिवसभर हा मागावर साड्या विणायचा आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. ही गिटार अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधले एक गार्डसाहेब गाव सोडताना त्याला देऊन गेले होते. नागपुरात तेव्हा घरोघरी ट्रान्झिस्टर पोचले होते, टीव्ही यायचा होता, आणि गणपतीत ज्या मंडळाकडे ऑर्केस्ट्रा त्या मंडळाची कॉलर ताठ, असे ते दिवस होते.

मी त्याला पहिल्यांदा महाल भागातल्या एका गणपतीत ऐकलं. गाणारी बाई अजून स्टेजवर आली नव्हती. हा एकटाच खुर्चीवर बसून सुरुवातीचा तुकडा वाजवत होता. सात-आठ सूर असतील. कसा होता तो आवाज? आता बघा, सत्तावीस वर्षं मी आवाजाचाच धंदा केला, आणि मला तो सांगता येत नाही. ऑर्केस्ट्रावाले म्हणायचे ‘साफ आवाज’. तारेची किणकिण नाही, मशीनची घरघर नाही. धुऊन वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरासारखा साफ. एक सूर वाजायचा आणि पुरा संपेपर्यंत ऐकू यायचा, कुठं तुटायचा नाही. समोर हजार माणसं दाणे खात बसली होती बाप्पा, आणि माझ्या डोळ्यांत पाणी. मी इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत तर नाही ना.

त्या दिवसापासून मला तो आवाज घरी पाहिजे होता. ऐकायला नाही, घरी. हा फरक लक्षात घ्या, पुढे लागेल.

मी एकटा राहायचो. इतवारी पेठेत एक खोली, एक खिडकी, एक स्टोव्ह. लग्नाचं एकदा जुळत आलं होतं, ते मोडलं, मग कुणी विचारलं नाही आणि मीही नाही. दुकानातून आलं की खोलीत काय? रेडिओ. दिवसभर दुसऱ्यांचे रेडिओ, घरी आपला. म्हणून हा नाद लागला तेव्हा बरंच वाटलं. एक साधी लाकडी गिटार आणली. टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरमधली कॉइल काढून ती तारांखाली बसवली. घरच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मागून ग्रामोफोन जोडायची दोन भोकं होती, त्यात वायर खुपसली. आवाज आला! पण कसा — पत्र्यावर चमचा आपटल्यासारखा.

मग काय, भूतच लागलं. व्हॉल्व्ह बदलले, कंडेन्सर बदलले, कॉइल हातानं पुन्हा गुंडाळली. स्पीकरची पेटी सागाची केली, ती तोडून आंब्याच्या फळ्यांची केली, आत कापूस ठासला, गोणपाट ठासलं. शेजारचे गुरुजी एकदा दारात येऊन म्हणाले, “मनोहर, काही दुखून राहिलं का गा तुले?” दोन वर्षं हे चाललं. तो आवाज काही आला नाही.

त्या दोन वर्षांत वसंताशी माझी गट्टी झाली होती. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला माझ्याकडेच यायचा. तो दुकानात स्टुलावर बसायचा, मी काम करायचो, दोघं मिळून एक चहा दोन कपांत घ्यायचो. दर इतवारी, म्हणजे रविवारी, मी त्याच्याकडे जेवायला. मनानं काय दिलखुलास होता! मला बोटं कशी ठेवायची ते दाखवायचा, कधी कंटाळला नाही. “तुह्या हातात आहे गा, येईन,” म्हणायचा. आणि मी घरी येऊन तसंच वाजवायचो, आणि तो पत्रा.

मग एका उन्हाळ्यात तो अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर, दोन्ही सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन आला. “मनोहर, घूं घूं करून राहिला. पाय ना जरा.” किरकोळ काम होतं, एक कंडेन्सर उडाला होता. मी म्हटलं, ठेवून जा, आठ दिवस लागतील. आठ दिवस लागणार नव्हते. अर्धा तास पुरला असता. पण तो पुरा सेट मला कधी एवढा वेळ मिळाला नव्हता ना!

दुपारी दुकान बंद करून मी ते सगळं खोलीवर नेलं. त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला, त्याच्या स्पीकरला माझी गिटार जोडली. माझी — ती टेलिफोनच्या कॉइलची. एक सूर वाजवला.

तोच आवाज.

मी गिटार खाली ठेवली. पाणी प्यालो. मग त्याचा अ‍ॅम्प्लिफायर काढून माझा रेडिओ जोडला, स्पीकर त्याचाच. पुन्हा तोच आवाज. म्हणजे गिटारमध्ये नव्हता, मशीनमध्ये नव्हता, हातात तर नव्हताच. सगळं त्या स्पीकरमध्ये होतं. पेटीची फळी उघडली आणि पाहिलं. स्पीकरमध्ये आत कागदाचं नरसाळं असतं, त्याला आम्ही कोन म्हणतो, ते थरथरतं म्हणून आवाज येतो. वसंताचा कोन एका बाजूनं चांगला बोटभर फाटला होता. आणि त्या फाटीवर आतून एक ठिगळ होतं — मलमलीसारखं पातळ सुती कापड, एका कडेला लाल काठ. मागावरच्या साडीचा उरलेला तुकडा. आणि नुसतं ठिगळच नाही, सगळ्या कोनावरून खळीचा एक हात फिरवलेला. विणायच्या आधी सुताला पेजेची खळ लावतात ना, कुंच्यानं, तीच. कोन कडकही झाला होता आणि जडही, किणकिण सगळी त्यानं गिळून टाकली होती.

मायचं काम होतं ते. मागं केव्हातरी वसंता हसत हसत म्हणाला होता, “मायनं माह्या स्पीकरले बी खळ लावली गा, साडी समजून.” मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं. रेडिओवाला मी! खळ लावून स्पीकर दुरुस्त होतो हे मी कशाला मनावर घेतो?

आता तुम्ही म्हणाल, मग विचारायचं ना तिला. माझ्याजवळ फाटके स्पीकर ढीगभर होते. एक घेऊन एखाद्या इतवारी गेलो असतो, तर मायनं हसत हसत, जेवायला वाढता वाढता, त्यालाही खळ लावून दिली असती. काहून नाही विचारलं? मैद्याची खळ करून मी स्वतः एक कोन लेपून पाहिला, तो भिजून लोंबला. दुसरा पाहिला, तो तडकला. तरी विचारलं नाही. सात दिवस ते सगळं माझ्या खोलीत होतं. सात दिवस मी विचार करायचं नाटक केलं, पण खरं सांगतो, पहिल्याच दुपारी माझं ठरलं होतं.

विचारलं असतं तर तो आवाज दोघांजवळ राहिला असता. मला तो माझ्याजवळ पाहिजे होता — आणि त्याच्याजवळ नको होता. हे वाक्य बोलायला मला इतकी वर्षं लागली.

आठव्या दिवशी मी त्याला पेटी परत दिली. आत नवा कोरा स्पीकर. चांगल्यातला, त्या काळात सहज न मिळणारा, मुंबईहून दुकानासाठी आलेला. म्हटलं, जुना पार गेला होता, हा माझ्याकडून. भेट समज. चोरी कशी करायची ते माझ्याकडून शिका राजेहो — चोरलेल्याच्या बदल्यात महागाची वस्तू द्यायची, म्हणजे तोच तुमचे उपकार मानतो. “काहून गा एवढं?” वसंता एवढंच म्हणाला. त्या इतवारी मायनं सांभारवडी केली, कोथिंबीर भरून तळलेली. माझ्या ताटात वाढत म्हणाली, “सख्खा भाऊ नाही करत एवढं.” मी पाच वड्या खाल्ल्या. सहावी नको म्हटलं तर तिनं हातानं वाढली, तीही खाल्ली.

त्याचा पुढचा कार्यक्रम मी पहिल्या रांगेत बसून ऐकला. पत्रा. माझ्या खोलीतला तोच पत्रा, आता त्याच्या हाताखाली. वाजवता वाजवता तो थांबला, बटणं फिरवली, पुन्हा वाजवलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, छान चाललं म्हणून.

महिनाभरानं तो दुकानात आला. स्टुलावर बसला नाही. उभ्या उभ्या म्हणाला, “मनोहर, खरं सांग गा. आवाज पहिल्यासारखा येऊन राहिला का?”

मी हातातलं काम सोडलं नाही.

“तो जुना स्पीकर हाय का तुह्यापाशी? एक डाव लावून पायलं असतं.”

इथं. इथं मला तोंड उघडून एकच शब्द बोलायचा होता. हाय. आहे माझ्यापाशी. खोलीवर आहे, चल. एक शब्द! मी म्हणालो, “तो भंगारात गेला रे, कोन पुरा फाटला होता.” आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण थांबलो नाही. त्याच्या डोळ्यांत शंका होती ना, ती मला दुसरीकडे वळवायची होती. म्हणून म्हणालो, “नव्या स्पीकरमधी काय फॉल्ट राहते? राग नको मानू वसंता, मागाची दोरी ओढून ओढून तुहा उजवा हात जड झाला. तार छेडत नाही तू आता, झटका मारते.”

हातमागावर धोटा इकडून तिकडे पळवायला उजव्या हातानं दोरीला झटका द्यावा लागतो, दिवसातून हजारदा. त्याच हातानं तो गिटार छेडायचा. म्हणजे माझं खोटं इतकं नेमकं होतं, की ते फक्त विणकरालाच लागू पडलं असतं. तो आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला. उघडला, मिटला. म्हणाला, “असंल गा. तू आवाजातला माणूस.” आणि गेला.

आणि मग त्यानं माग बंद केला. हात हलका करायचा म्हणून! तीन महिने दोरीला हात लावला नाही, सकाळ-संध्याकाळ नुसता रियाज. पोळा झाला, गणपती आले, ऑर्केस्ट्रावाल्यांनी त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. माय एकदा चालत चालत सक्करदऱ्याहून सीताबर्डीला आली, भर उन्हात, दुकानाच्या पायरीवर बसली. म्हणाली, “बाबू, तू सांग ना त्याले. तुहं आयकते तो. मागावरचा ताणा तसाच लटकून हाय, त्याले पाहवत नाही मले.” मी तिला पाणी दिलं. म्हटलं, पाहतो माय. काय पाहिलं मी? काही नाही. दिवाळीनंतर त्यांनी माग उकलून ठेवला. वसंता एका सूत गिरणीत लागला, पाळीवर. गिटार भिंतीवर खुंटीला गेली. एक गोष्ट मोडायला गेलो होतो, दोन मोडल्या.

आणि मी? माझ्याजवळ आवाज होता.

सुखी होतो का म्हणून विचारा ना. खिडकी लावून घ्यायचो, दाराच्या फटीत चादर कोंबायचो, मे महिन्यात, नागपूरच्या दुपारी, बनियन पिळून काढावं असा घाम — आणि वाजवायचो. साफ, सुंदर, तोच. पण कुणाला ऐकवणार? ज्यानं वसंताला एकदा ऐकलं होतं तो ओळखणार. आणि ज्यानं ऐकलं नव्हतं त्याला ऐकवून काय उपयोग! या सबंध गावात तो आवाज काय आहे हे कळणारा एकच माणूस होता, आणि त्याच्याचसाठी मी चादर कोंबत होतो. कधी कधी एखादा तुकडा फार चांगला जमायचा. मी मान वर करायचो, कुणाकडे तरी पाहायला. समोर स्टोव्ह. माझ्याएवढा एकटा माणूस इतवारीत दुसरा नव्हता, आणि ते मी माझ्या हातानं केलं होतं, चांगल्या कारागिरीनं.

वर्षं गेली. मग टीव्ही आला, दुकानात रेडिओ कमी झाले. माय गेली, मी खांदा दिला. सावधपणाही झिजतो हो. एका दुपारी मी चादर कोंबली नाही. वाजवत होतो. थांबलो तेव्हा दार वाजलं. दारात वसंता. गिरणीची पाळी संपवून सायकलीनं चालला होता, सहज आला होता. डोक्याला कापूस लागलेला.

“धा मिनटं झाले उभा हाय मी,” तो म्हणाला.

मी पेटीच्या समोर जाऊन उभा राहिलो, पाठ टेकवून. वर जाळीचं कापड होतं, आतलं दिसणार नव्हतं, तरी. मनात म्हटलं, आता. आता ओळखलं त्यानं. आणि विश्वास ठेवा, कुठंतरी बरं वाटलं. छातीतून दगड निघाल्यासारखं. म्हटलं, एक ठेवून दे माझ्या तोंडात आणि मोकळं कर.

त्यानं माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“मले माफ कर गा मनोहर,” तो म्हणाला. “इतके साल माह्या मनात पाप होतं. मले वाटे, त्या नव्या स्पीकरनंच घात केला. तुह्यावर शक घेतला गा मी, तू एवढं केलं माह्यासाठी तरी. आज कानानं आयकलं. आवाज हातातच राहते. माह्या हातातून गेला, तुह्या हातात आला. तू कमावला.”

त्याचे डोळे भरले होते. आनंदानं हो, माझ्यासाठी.

मी काय केलं असेल? तुम्ही मला आतापर्यंत ओळखलं असेल. मी म्हणालो, “जाऊ दे वसंता. मनात नको ठेवू. रियाज केला मी, बस.” मी त्याला माफ केलं. ऐकलं ना? मी — त्याला.

पुढच्या इतवारी तो गिटार घेऊन आला, मायच्या जुन्या साडीत गुंडाळलेली. “माह्यापाशी मुकी पडून हाय. तुह्याजवळ बोलल तरी.” ती साडी लाल काठाची होती. मी दोन्ही घेतल्या.

खळ म्हणजे पेज. पेजेला कसर लागते. दोन पावसाळ्यांनंतर एके दिवशी सूर फाटका आला, फळी काढून पाहिली तर ठिगळ सुटून लोंबत होतं, खळ सगळी किड्यांनी खाल्लेली. ती लावणारी माय आता नव्हती. कशाची पेज, किती पातळ, किती हात — तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मी पुष्कळ प्रयत्न केले. पत्रा. तो आवाज आता माझ्याजवळ नाही, त्याच्याजवळ नाही, जगात कुठंच नाही. ठिगळ मी डबीत ठेवलं आहे.

वसंता अजून येतो. केस पिकले त्याचे. वाजव म्हणतो, मी सांगतो, सांधे धरले, हात चालत नाही. तो हळहळतो. मागच्या आठवड्यात सक्करदऱ्याच्या तळ्यावर भेटलो तर त्याच्यासोबत गिरणीतले दोघंजण होते. त्यानं मला पुढं ओढलं, माझा उजवा हात वर उचलून त्यांना दाखवला आणि म्हणाला, “पाहून घ्या. या हातात जो आवाज होता ना, तसा नागपुरात कोनाच्याच हातात नव्हता. माह्याबी नाही.”

ती माणसं माझ्या हाताकडे पाहत होती. मी हात काढून घेतला नाही.